अमरवेल काढताना या चुका टाळा

कुंपणावर पिवळ्या दोऱ्यांचा गुंता दिसला की आपण आधी खाली वाकून तिचं मूळ शोधतो. पहिली चूक इथेच होते, कारण झाडावर पसरलेल्या अमरवेलीचं मूळ जमिनीत नसतंच. बी रुजल्यावर निघणारा बारीक कोंब आधार चाचपडत फिरतो आणि थोड्याच दिवसांत झाड मिळालं नाही तर वाळून जातो. टोमॅटोच्या रोपाच्या नुसत्या वासाकडेही हा कोंब वळतो, हे २००६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दिसलं. झाडाला विळखा बसला की जमिनीकडचा भाग सुकतो. मग सगळा संसार यजमानाच्या जिवावर!

म्हणूनच वेल ओढून काढू नका. एखादा विळखा हळूच उलगडून बघा. आतल्या बाजूला ओळीने बारीक फुगवटे दिसतील. ती शोषक मुळं. ती खोडात घुसून थेट जलवाहिन्यांतलं पाणी आणि रसवाहिन्यांतली साखर ओढतात. वेलीला पानं म्हणावीत अशी पानं नाहीत, हरितद्रव्यही जवळपास नाही, त्यामुळे तिची सगळी भिस्त या फुगवट्यांवर असते. ओढलं की दोरा हातात येतो, पण मुळं खोडातच राहतात आणि तिथूनच पुन्हा फुटू शकतात. फांदी वाचवायचा मोह मलाही होतो, तरी विळख्याच्या खालून फांदीच छाटणं बरं. नाजूक रोपावर वेल चढली असेल तर अख्खं रोप काढा.

छाटलेला गुंता शेजारच्या झुडपावर टाकू नका. तुटलेला तुकडाही नव्या झाडाला धरतो. कंपोस्टच्या खड्ड्यातही नको. पोत्यात भरून पूर्ण वाळवा आणि नष्ट करा.

झाड मलूल दिसतं म्हणून खत वाढवलं तर वेलीचंच पोषण होतं.

सगळ्यात महाग पडतो तो उशीर. पांढरट फुलांचे झुपके दिसायच्या आत वेल काढायला हवी, कारण तिचं कठीण सालीचं बी मातीत दहा वर्षांहून जास्त तग धरतं. बी धरलेली वेल जनावरांपुढे टाकू नका, ते शेणातून जिवंत बाहेर पडतं. लसूणघास या चारापिकाच्या बियाण्यातूनही ते शेतात येतं, तेव्हा पेरणीआधी बियाणं चाळून घ्या. एकदा शेतात शिरलीच तर पुढचे काही हंगाम मका, ज्वारी किंवा गहू घ्या. या गवतवर्गीय पिकांवर तिचा सहसा जम बसत नाही. मात्र त्या काळात बांधावरची रुंद पानांची तणं राहू दिलीत, तर ती तिथे मुक्काम ठोकेल.