चिमणीच्या रिकाम्या घरट्यातले किडे कसे मोजायचे (नागपूरच्या उन्हासकट)

ऊन वाढलं की घरट्यातले किडे पण वाढणार, असं बहुतेक लोक धरूनच चालतात. नागपुरात तरी हे इतकं सरळ नाहीये. पक्ष्यांचं रक्त पिणारे जे बारके माइट्स असतात त्यांना उबेसोबत ओल लागते. कोंबड्यांच्या खुराड्यातला लाल माइट जंगली पक्ष्यांच्या घरट्यातपण सापडतो, आणि २५ ते ३० डिग्री अन् दमट हवा मिळाली की अंड्यापासून मोठा व्हायला त्याला साधारण आठवडा पुरतो, पण पारा ४५ च्या वर गेला की तो मरायला लागतो. स्पेनमध्ये टिट नावाच्या छोट्या पक्ष्यांच्या घरट्याच्या पेट्या मुद्दाम गरम करून बघितल्या तर आतले परजीवी कमीच झाले. हवाई बेटांवर मात्र उलटं, तिथं डोंगरावरची थंडी पक्ष्यांना मलेरियापासून वाचवत होती, कारण साधारण १३ डिग्रीच्या खाली तो जंतू डासाच्या पोटात वाढतच नाही, आता तिथं ऊब वर सरकली तसे डास आणि मलेरिया दोन्ही वर चढले. म्हणून नुसतं तापमान लिहून उपयोग नाही, ओलपण लिहा.

आपल्याकडे गंमत अशी की चिमणीची एक वीण कडक कोरड्या उन्हात असते आणि दुसरी थेट जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत. चिमणीसाठी टांगलेला घरट्याचा डबा तोच, गल्ली तीच, फक्त हवा वेगळी. ही तुलना करायला प्रयोगशाळा लागत नाही.

आधी थर्मामीटर. आर्द्रता दाखवणारा डिजिटल घ्या, ऑनलाइन स्वस्तात मिळतो, आणि डब्याच्या शेजारी पण सावलीत लावा, वीण सुरू व्हायच्या आधीच, नंतर लुडबुड नको. भिंतीला चिकटवून किंवा उन्हात ठेवला तर काहीही आकडा दाखवेल. २०२४ च्या मे अखेरीस नागपुरात ५६ डिग्री झाल्याची बातमी देशभर फिरली होती ना, शेवटी सेन्सरच बिघडलेला निघाला. दुपारी तीनच्या सुमारास आणि सकाळी एकदा असे दोन आकडे वहीत टाका. कुलर जवळ असेल तर तसं ठळक लिहा, कारण खिडकीतल्या कुलरच्या डोक्यावर केलेलं घरटं भर मेमध्येपण ओलसर हवेत असतं, ते वेगळ्याच खात्यात मोजा. शिवाय कुलरच्या टाकीत डास होतात आणि पक्ष्यांचा मलेरिया क्युलेक्स डास पसरवतो हे रोनाल्ड रॉसनं १८९८ मध्ये कलकत्त्यातच दाखवलं होतं, तेव्हा टाकी दर आठवड्याला कोरडी करा, तुमचंपण भलं होईल. अवकाळी पाऊस किंवा गारपीट झाली तर तारीख लिहायचीच. गरम दिवसांत मधेच ओल, माइट्सना हेच पाहिजे असतं.

पिल्लं आत असताना डब्याला हात लावायचा नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात पक्ष्यांच्या अंड्या-घरट्यांना त्रास देणं शिकारीतच धरलंय, आणि कायदा नसता तरी काहून छळायचं त्यांना? चिमणीची पिल्लं साधारण दोन आठवड्यांत उडतात. उडाली की दोन-तीन दिवस लांबून बघा. नर-मादी परत काडी-पीस आणताना दिसले तर दुसरी वीण सुरू झाली समजा, त्या डब्याचा नाद सोडा, पुढच्या वेळी बघू.

खरंच रिकामं असेल तर हातमोजे आणि मास्क घालून, बाल्कनीतच, अख्खं घरटं झिपलॉकच्या पिशवीत सरकवा. घरात आणू नका, उपाशी माइट्स माणसालापण चावतात आणि खाज सुटली की झोप जाते. मग त्यातलं मूठभर पांढऱ्या कागदावर झटका आणि हलवू नका, नुसतं बघत राहा. आधी धूळच वाटते. थोड्या वेळानं धुळीतले काही ठिपके चालायला लागतात. रक्त प्यालेला माइट लाल, उपाशी असेल तर करडा, आणि हातमोजा घातलेल्या बोटानं चिरडला तर कागदावर लाल रेघ उमटते. डब्याच्या फटीत मीठ-मिरपूड सांडल्यासारखे ठिपके दिसले तर तो त्यांचा अड्डा. उवा इथं फारशा मिळणार नाहीत, त्या आयुष्यभर पक्ष्याच्या अंगावरच राहतात.

नीट मोजायचं तर पाण्याच्या बाटलीचं डोकं कापून उलटं ठेवा, त्यात जाळी, जाळीवर घरटं, खाली छोट्या बाटलीत सर्जिकल स्पिरिट आणि वरून ४० वॅटचा जुना पिवळा बल्ब. घरटं वरून वाळत जातं तसे किडे ओल शोधत खाली उतरतात आणि स्पिरिटमध्ये पडतात. दोन-तीन दिवस लागतात, बल्ब काड्यांना टेकू देऊ नका, पेट घेईल. मेमध्ये बल्ब कशाला, गच्चीवर ठेवू की, असा विचार येईल, पण तिथं ते खाली उतरायच्या आधीच मरतात आणि मोजणी फसते. रक्त पिणाऱ्या अळ्यांचे कोष दिसले तर ते वेगळ्या बरणीत, तोंडाला मलमल बांधून ठेवा, माशी बाहेर आली की फोटो काढून आयनॅचरलिस्टवर (प्राणी-कीटक ओळखायच्या वेबसाइटवर) टाका.

घरट्यावर कीटकनाशक मारू नका, कडुनिंबाचा धूरपण नको.

मेमध्ये पिल्लं वेळेआधी डब्यातून पडायला लागली तर सगळं माइट्सच्या माथी मारायचं नाही, पत्र्याचा डबा पश्चिमेच्या भिंतीवर असेल तर ती उन्हानंच पडतात. डबा लाकडी किंवा मातीचा घ्या, वीण संपल्यावर सावलीत हलवा आणि हलवल्याची तारीख लिहा, नाहीतर पुढच्या वर्षीचे आकडे मागच्याशी जुळणार नाहीत. जखमी पिल्लू सापडलं तर सेमिनरी हिल्सच्या ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटरला (जखमी वन्यजीवांच्या दवाखान्यात) न्या.

एका उन्हाळ्यावरून क्लायमेट चेंज वगैरे काही सांगता येत नाही, पाच-सात वर्षं तेच डबे, तीच पद्धत लागते. बाटलीतली चिठ्ठी (डबा नंबर, तारीख, तापमान, आर्द्रता) पेन्सिलनं लिहून स्पिरिटच्या आतच टाका, पेनाची शाई विरघळते आणि वर चिकटवलेलं लेबल पहिल्याच पावसाळ्यात सुटतं.