चौरागडाच्या महादेवाला गटाने जायचे तर : नागपूरहून रस्त्याने यात्रेचे नियोजन

खांद्यावर त्रिशूळ घेऊन ‘एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव’ अशी हाळी देत मध्य प्रदेशातील पचमढीजवळच्या चौरागडाकडे निघालेली माणसे नागपुरात आणि आसपासच्या गावांत कुणी पाहिली नाहीत असे होणार नाही. मात्र वस्तीतली वीस-पंचवीस माणसे एकत्र नेण्याची जबाबदारी स्वतःवर येते, तेव्हा बहुतेकांचा पहिला फोन गाडीवाल्याला जातो, आणि माझ्या मते नियोजन तिथेच चुकते. या यात्रेचा आराखडा चौरागडाच्या पायऱ्यांपासून सुरू करून मागे मागे घराच्या दारापर्यंत आणावा. गाडी, मुक्काम, निघण्याची वेळ हे सारे त्यातून आपोआप ठरत जाते.

पहिले काम : माणसांची यादी

सातपुड्यातील चौरागडाचा माथा समुद्रसपाटीपासून १३०० मीटरांहून उंच आहे. बडा महादेवाच्या गुहेपासून गडावर जाणारी वाट साधारण साडेतीन-चार किलोमीटरांची असून तिच्यात तेराशेच्या आसपास पायऱ्या आहेत. नागपूरच्या सपाटीवर रोज पाच किलोमीटर चालणाऱ्या माणसालाही पायऱ्या ही वेगळीच गोष्ट असते. म्हणून निघण्याच्या तीन-चार आठवडे आधी सर्वांनी एका रविवारी रामटेकला जावे आणि अंबाळ्याच्या बाजूने पायऱ्यांनी गड चढावा. कुणाचा श्वास कुठे अडतो आणि कुणाचे गुडघे उतरताना बोलू लागतात, हे त्या एका सकाळीच कळते.

या चाचणीनंतर यादीचे दोन भाग करावेत: गडावर जाणारे, आणि बडा महादेव व गुप्त महादेव यांचे दर्शन घेऊन खाली थांबणारे. ही विभागणी नागपुरातच जाहीर झालेली असावी, कारण ऐन पायथ्याशी ‘आई, तुम्ही राहू द्या’ असे म्हटले की आई हमखास चढतात. खाली थांबणाऱ्यांसोबत एक तरुण माणूस नेमावा, आणि तो नाराज होणार नाही अशा बेताने निवडावा.

प्रत्येकाच्या नावापुढे वय, घरच्या माणसाचा फोन क्रमांक, चालू औषधे आणि आजार लिहून घ्यावेत. रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयविकार असलेल्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारूनच गडाच्या यादीत नाव द्यावे. औषधे कमरेच्या पाऊचमध्ये ठेवायची, बॅगेत नाही, हा नियम मी एका फजितीनंतर केला. आमच्यातल्या एका काकांच्या गोळ्या त्यांच्या बॅगेत होत्या, बॅग गाडीच्या कॅरिअरवर ताडपत्रीखाली आवळून बांधलेली होती, आणि गाडी वाहनतळावर उभी करून चालक जेवायला गेला होता. गोळ्या मिळेपर्यंत काका एका पायरीवर बसून होते आणि आम्ही सगळे त्यांच्याभोवती नुसते उभे.

तिथी निवडताना

महाशिवरात्रीला गडावर मोठी जत्रा भरते. नवस फेडणारे भाविक त्या वेळी त्रिशूळ वाहतात, आणि काही जण मणामणाचे त्रिशूळ खांद्यावरून वर नेतात. पचमढीच्याच डोंगरांतील नागद्वारची यात्रा वेगळी आहे. ती वाट सातपुडा व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलातून जाते, नागपंचमीपूर्वीचे सुमारे दहा दिवसच भाविकांसाठी खुली असते, आणि भर पावसात निसरड्या दगडांवरून बारा-पंधरा किलोमीटर चालावे लागते. विदर्भातून नागद्वारला प्रचंड गर्दी जाते हे खरे असले, तरी पहिल्यांदाच गट नेणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. ज्यांना नवस फेडायचा नाही, त्यांनी जत्रा टाळून नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या दरम्यानचे साधे दिवस निवडावेत. तेव्हा खोल्या मिळतात, गुप्त महादेवाच्या चिंचोळ्या गुहेत आडवे होऊन शिरताना मागून रेटा येत नाही, आणि आजीला दोन मिनिटे हात जोडून उभे राहता येते.

जत्रेच्या दिवसांतच जायचे असेल, तर तिकडच्या पत्रकांवरील तिथी जपून वाचावी. आपली महाशिवरात्र माघ वद्य चतुर्दशीला असते, तर मध्य प्रदेशातील पंचांगात तोच दिवस फाल्गुन कृष्ण चतुर्दशी म्हणून छापलेला असतो. महिना वेगळा दिसला, तरी दिवस एकच आहे.

गाडी आणि हिशेब

चोवीस माणसांसाठी सव्वीस आसनी गाडी घ्यावी आणि उरलेल्या दोन जागा रिकाम्याच ठेवाव्यात. कुणाला बरे वाटेनासे झाले तर आडवे व्हायला त्या लागतात. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी ओळखीतून स्वस्तात मिळत असली तरी भाड्याने घेऊ नये, कारण तसे करणे बेकायदेशीर आहे आणि अपघात झाल्यास विम्याचा प्रश्न उभा राहतो. पिवळ्या पाटीच्या गाडीचे फिटनेस प्रमाणपत्र, विमा, प्रदूषण प्रमाणपत्र आणि मध्य प्रदेशात चालणारा परवाना हे चारही कागद आधी पाहून घ्यावेत. ऑल इंडिया टुरिस्ट परमिट नसेल, तर राज्याच्या सीमेवरचा कर कोण भरणार, हे तोंडी न ठरवता लिहून घ्यावे.

भाड्यात सर्वांत जास्त गैरसमज ‘किमान किलोमीटर’ या अटीवरून होतात. समजा, गाडीवाल्याने दिवसाला किमान ३०० किलोमीटर धरले आणि यात्रा तीन दिवसांची आहे. तर जाऊन येऊन प्रत्यक्षात सहाशेच्या आतच अंतर झाले, तरी भाडे ९०० किलोमीटरचे द्यावे लागते. त्यात टोल, पार्किंग आणि चालकाचा भत्ता मिळवून मग माणशी वर्गणी काढावी, आणि अडीअडचणीसाठी दहा टक्के वर धरावेत. चालकाला दोन्ही रात्री झोपायला नीट जागा देण्याचा खर्चही याच हिशेबात असावा. रात्रभर सीटवर अवघडून झोपलेल्या माणसाच्या हाती घाटात चोवीस जीव देणे शहाणपणाचे नाही.

रस्ता

नागपूर, सावनेर, सौंसर, छिंदवाडा, परासिया, तामिया, देलाखारी, मटकुली आणि पचमढी असा हा मार्ग असून अंतर अडीचशे किलोमीटरांहून थोडे अधिक आहे. थांबे धरून सात ते आठ तास मोकळे ठेवावेत. फोनच्या नकाशात ‘पचमढी’ असेच टाकावे. ‘चौरागड’ टाकल्यास नरसिंहपूर जिल्ह्यातील त्याच नावाच्या जुन्या गोंडकालीन किल्ल्याकडे नकाशा नेऊ शकतो, आणि चूक लक्षात येईपर्यंत दिवस हातचा जातो.

पहाटे पाचला नागपूर सोडले की सौंसरजवळच्या जामसावळीला सकाळी पोहोचता येते. तिथे पिंपळाखाली पहुडलेल्या हनुमंताचे दर्शन आणि चहा एकाच थांब्यात उरकतात. नाश्ता मात्र हलका ठेवावा. तर्रीपोहे कितीही खुणावत असले तरी पुढे सिल्लेवानीचा घाट आहे आणि तामियानंतरची वळणे त्याहून कठीण आहेत. ज्यांना गाडी लागते त्यांना पुढच्या जागा द्याव्यात, गोळी निघण्यापूर्वी अर्धा तास घ्यायला लावावी आणि कागदी पिशव्या हाताशी ठेवाव्यात. तामिया ते पचमढी या टप्प्यात फोनची रेंज येते-जाते, म्हणून यादी, मुक्कामाचा पत्ता आणि चालकाचा क्रमांक कागदावर लिहून तो कागद निदान तिघांजवळ असू द्यावा.

त्रिशूळ सोबत असतील तर त्यांच्या टोकांना गोणपाट गुंडाळून सुतळीने बांधावे आणि ते आसनांखाली लांबीने ठेवावेत. मधल्या वाटेत ते आडवे पडले, तर अडचणीच्या वेळी गाडीतून उतरणेच मुश्कील होते.

चढाईचा दिवस

पहिल्या दिवशी दुपारी पोहोचल्यावर जेवण, विश्रांती आणि संध्याकाळी गावाजवळचे जटाशंकर एवढेच ठेवावे. भस्मासुरापासून लपण्यासाठी महादेव तिथे आले, अशी कथा आहे. त्या उतरणीच्या पायऱ्यांवरच दुसऱ्या दिवसाचा अंदाज येतो.

दुसऱ्या दिवशी उजाडताच बडा महादेवाकडे निघावे. जत्रेत गाड्या दूरच अडवल्या जातात, तेव्हा पुढे चालण्याची किंवा स्थानिक जीपची तयारी ठेवावी. चढताना सर्वांत सावकाश चालणारा माणूस पुढे असावा आणि संयोजक सर्वांच्या मागे. याच्या उलट केले की पुढचे तरुण अर्ध्या तासात दिसेनासे होतात आणि मागचे धापा टाकत त्यांना गाठू पाहतात. उपवास असणाऱ्यांनीही रिकाम्या पोटी चढू नये. साबुदाण्याची उसळ जड होते, त्यापेक्षा राजगिऱ्याचे लाडू आणि शेंगदाणे-गूळ बरे. प्रसादाची पिशवी हातात लोंबकळत ठेवू नये, माकडे ती थेट हिसकावतात. हे जंगल संरक्षित आहे. विस्तव पेटवू नये आणि प्लास्टिक परत गाडीत आणावे.

उतरणे घाईने करू नये, कारण पाय मुरगळतात ते उतरतानाच. काठी चढताना नको वाटते, म्हणून कुणी फेकून देऊ लागल्यास तिला संयोजकाने सांभाळावे.

परतीचा दिवस

तिसऱ्या दिवशी सकाळी आठपर्यंत पचमढी सोडली, तर सगळे घाट दिवसाउजेडी ओलांडले जातात. प्रत्येक थांब्यानंतर माणसे नावाने मोजावीत. नुसत्या आकड्याने मोजताना मी एकदा चालकालाही धरले होते आणि एक मावशी चहाच्या टपरीवर राहिल्या होत्या. सावनेरला पोहोचताच उतरवण्याचा क्रम ठरवावा. गाडी ज्या चौकातून निघाली तिथेच सगळ्यांना न सोडता, एकट्या राहणाऱ्या बायका आणि म्हातारी माणसे यांना आधी त्यांच्या दारापर्यंत पोहोचवावे, आणि खर्चाचा हिशेब दुसऱ्या दिवशी पावत्यांसह सर्वांना दाखवावा.