पाड्यावर आरोग्याची बैठक कशी घ्यावी

ग्राम आरोग्य व पोषण दिन, म्हणजे लसीकरण-तपासणीचा महिन्याचा दिवस, बहुतेक गावांत अंगणवाडीत होतो, म्हणजे गावठाणात. येतात त्याच बाया, ज्यांचं घर जवळ. म्हणून शिकण्या-बोलण्याची वेगळी बैठक घ्यायची तर ती सगळ्यात लांबच्या पाड्यावर किंवा वस्तीवरच घ्या.

आठवडाभर आधी एक काम उरका. अंगणवाडीताईंच्या रजिस्टरमधली घरं आणि वस्तीवर प्रत्यक्ष जिथे चूल पेटते ती घरं जुळवून बघा. वीटभट्टीवर आलेलं कुटुंब, फाट्याजवळ पाल ठोकून राहिलेली मंडळी, ऊसतोडीला गेलेल्या आईमागे आजीकडे राहिलेली पोरं रजिस्टरमध्ये सहसा नसतात. विषमता म्हणजे काय हे समजवायला वेगळा तक्ता लागत नाही, या दोन याद्यांमधला फरक पुरतो. ही सुटलेली घरं आशाताईंना सोबत घेऊन स्वतः फिरा आणि निरोप तोंडीच द्या.

जागा ठरवताना प्रश्न उलटा विचारा: या जागी कोण येणार नाही? देवळाच्या मंडपात पाळी आलेली बाई येत नाही आणि काही गावांत काही घरं अजूनही पायरीशीच थांबतात. ग्रामपंचायतीच्या ओट्यावर पुरुष असतात. झाडाखाली किंवा शाळेच्या व्हरांड्यात बसलेलं बरं. वेळ बायांनाच विचारा. बाजाराचा दिवस, नळाला पाणी येण्याची वेळ आणि भातलावणीचे आठवडे टाळा. ऊसतोडीचा पट्टा असेल तर दिवाळीच्या आतच बैठक उरका, नंतर वस्ती रिकामी होते.

माणसं १५ ते २०, वेळ दीड तास. पंचवीसच्या पुढे गेलं की तिघीच बोलतात. एकीने बैठक चालवावी, दुसरीने लिहावं. दोन्ही एकाच व्यक्तीने केलं की लिहिणं राहतं. खुर्च्या मांडूच नका. एक खुर्ची आली की तिच्यावर बसलेल्याचं भाषण होतं. सरपंच आले तर सतरंजीवर बसवा आणि शेवटची पाच मिनिटं द्या, तीही बायांच्या प्रश्नाला उत्तर देण्यासाठी. पाड्यावर पावरी, कोरकू किंवा वारली बोलत असतील तर त्या भाषेतली बाई चालवणारी हवी. दुभाषी बसवला की अर्धी बैठक त्याच्याच तोंडून होते.

सुरुवात नकाशाने करा. जमिनीवर रांगोळीने आधी ओढा आणि रस्ता, मग घरं, हातपंप, अंगणवाडी, उपकेंद्र. रांगोळी हातात घ्यायला एखादा शिकलेला पोरगा पुढे होईलच. त्याला थांबवून ती म्हातारीच्या हातात द्या. आजार विचारून घरांवर खुणा करू नका, क्षयरोगाच्या घराला गावभर नाव पडतं. खूण एवढीच: वर्षभरात सिस्टर (उपकेंद्राच्या नर्सबाई) ज्या घरी आल्या नाहीत तिथे एक खडा. मग विचारा, आषाढातली रात्र आहे, कळा सुरू झाल्यात, फोनला रेंज कुठे मिळते? १०८ किंवा १०२ ची गाडी कुठपर्यंत येते? तिथून पुढे झोळी कोण उचलतं? आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असा निकष आहे. निकष माणसं मोजतो, ओढे मोजत नाही. मंडळी उठण्याआधी नकाशा कागदावर उतरवून घ्या.

पुढे वालाचे २० दाणे. जमिनीवर पाच गोल काढा: डॉक्टरची फी, औषधं, गाडीभाडं, बुडालेली मजुरी, भगत (गावचा मांत्रिक). सरकारी दवाखान्याच्या एका खेपेचा खर्च दाण्यांनी वाटायला सांगा. फीच्या गोलात क्वचितच काही पडतं, ढीग होतो भाड्याचा आणि मजुरीचा. ‘फुकट उपचार असून लोक येत नाहीत’ या तक्रारीचं उत्तर त्या ढिगात असतं. भगताचा गोल पुसू नका. तो पुसला की बाया खरं सांगायचं थांबवतात.

मग ‘पण का?’चा खेळ. एका काल्पनिक बाईचं नाव मंडळींनाच ठेवू द्या. तिचं बाळ कमी वजनाचं. पण का? तिच्या अंगात रक्त कमी होतं. पण का? लोहाच्या गोळ्या घरात पडून राहिल्या. पण का? मळमळत होतं, शौचाला काळं झालं, भीती वाटली. पण का? गोळी देताना कुणी काही सांगितलं नाही. प्रत्येक उत्तराला एक खडा, आणि शेवटी खड्यांचे दोन ढीग: घर बदलू शकतं ते, आणि गावाने किंवा सरकारने करायचं ते.

माहिती इथे द्या, आधी नाही. गरोदरपणाच्या चौथ्या महिन्यापासून लोहाची रोज एक गोळी, १८० दिवस. रात्री जेवणानंतर घेतली तर मळमळ कमी होते. चहासोबत घेऊ नये. कॅल्शियमची गोळी दोन तासांच्या अंतराने. काळं शौच ही भीतीची गोष्ट नाही. सुरुवातीलाच हे सांगितलं तर बाया मान डोलावतात आणि घरी जातात. ‘पालेभाज्या खा’ हे मात्र भाजी विकत आणणाऱ्या मजूर बाईला सांगताना दहादा विचार करा.

शेवटी ठराव एकच, सरकारी ढिगातला. ‘आरोग्य सुधारावं’ असा नको. ‘सिस्टरांची भेट महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी पाड्यावरच’ असा हवा, कुणाला भेटायचं आणि कोण दोघी जाणार यासह. पाण्याची टाकी धुणं, अडलेल्या बाईचं गाडीभाडं असल्या किरकोळ गोष्टींसाठी ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीचा अबंधित, म्हणजे ठरावीक कामाला न बांधलेला, निधी असतो, वर्षाला १०,००० रुपयांपर्यंत. यंदा तो कशावर गेला हे विचारायला बायांना हरकत नसावी.

पुढच्या बैठकीची पहिली पाच मिनिटं त्या ठरावाची. झालं नसेल तर तोच ठराव तारखेसह ग्रामसभेत मांडा आणि इतिवृत्तात लिहून घेतल्याशिवाय उठू नका.