अनंत लावण्यापूर्वी चुना तपासावा

पुणे, अहिल्यानगर किंवा सोलापूरकडच्या बागेत अनंत लावायचा असेल, तर रोप आणण्याआधी मातीत आणि पाण्यात चुना आहे का, ते पाहावे. खड्डा आणि शेणखत यांची तयारी कोणीही करतो. मागच्या खेपेला मीही केली होती, चुना तेवढा तपासला नव्हता. अनंताला आम्लधर्मी माती लागते, सामू (पीएच) साधारण ५ ते ६.५. कोकणातल्या जांभ्याच्या मातीत तो सहज रुजतो. देशावरच्या चुनखडीच्या काळ्या मातीत मात्र लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही आणि कोवळी पाने पिवळी पडून नुसत्या शिरा हिरव्या उरतात.

तपासणीसाठी खड्ड्याच्या जागेची, फूटभर खालची माती वाळवून तिच्यावर पांढरे व्हिनेगर ओतावे. फसफसले, तर जमिनीत लावण्याचा हट्ट सोडावा, कारण चुनखडी भरपूर असेल तेथे गंधकाची भुकटी टाकून सामू उतरवणे घरच्या बागेत जमत नाही. वरची माती तपासून समाधान मानू नये. इमारतीलगत सिमेंटचा राडारोडा हमखास पुरलेला असतो. रोपवाटिकेतून आणलेल्या लाल मातीचीही हीच परीक्षा घ्यावी, विक्रेता काहीही सांगो.

जमीन बाद ठरल्यास मोठी कुंडी घ्यावी, पण सिमेंटची नको, तिच्यातूनही चुना झिरपतो. लाल माती, कुजलेला पालापाचोळा आणि कोकोपीट यांचे मिश्रण भरावे. तळाला भोके हवीतच.

आता पाणी. माती निर्दोष असली, तरी बोअरच्या जड पाण्याने काही महिन्यांत तिच्यात चुना साठतो, आणि ही गोष्ट पाने पिवळी पडेपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही. बादलीच्या कडेला पांढरा थर धरत असेल, तर ते पाणी अनंताला घालू नये. पावसाचे पाणी पिंपात साठवण्याची सोय रोपाच्या आधी करावी. पाने पिवळी पडलीच, तर चुन्याच्या मातीत हिराकस (फेरस सल्फेट) टाकून फारसा लाभ होत नाही. ईडीडीएचए प्रकारचे चिलेटेड लोह, म्हणजे चुन्याच्या मातीतही मुळांना घेता येईल अशा रूपातले लोह, वापरावे आणि चुना कोठून येतो ते शोधावे.

लागवड पावसाळ्याच्या सुरुवातीला करावी. सकाळचे ऊन आणि दुपारची सावली मिळेल अशी जागा निवडावी. मुळे उथळ असल्यामुळे बुंध्याशी खुरपणी टाळून पाल्याचे आच्छादन करावे. कळ्या धरल्यावर पाणी अनियमित झाले किंवा कुंडी हलवली, तर कळ्या गळतात. छाटणी बहर सरताच करावी, उशिरा नाही. पिठ्या ढेकूण दिसल्यास कडुनिंबाचे तेल फवारावे. चुलीतली राख मात्र कोणी कितीही सुचवली तरी टाकू नये, तिच्यातही चुनाच असतो.