मागचा एक्सल दणकट करायचाय? मग हाउसिंग सरळ ठेवायला शिका

इंजिन वाढवलं की मागचा एक्सल बोंब मारणार हे सगळ्यांना माहीत असतं, पण उपाय विचारला की चारी बाजूंनी एकच उत्तर येतं, जाड शाफ्ट टाक. टाकतात लोक. मग थोड्याच दिवसांत एका बाजूचं सील गळायला लागतं, त्याच बाजूचं बेअरिंग तापतं आणि शेवटी तो जाड शाफ्ट स्प्लाइनच्या (आतल्या टोकावरच्या खाचांच्या) तोंडाशीच तुटतो, की लगेच शाफ्ट बनवणाऱ्याला शिव्या. बऱ्याचदा त्या बिचाऱ्याचा काही दोष नसतो. हाउसिंग, म्हणजे चाकं फिरवणारे शाफ्ट ज्यात असतात ते एक्सलचं नळीसारखं बाहेरचं घर, वाकडं असतं, आणि ते आपणच सस्पेन्शनचे ब्रॅकेट वेल्ड करताना वाकडं केलेलं असतं. म्हणून बाकीच्या पायऱ्या इथे भराभर उरकतो आणि वेल्डिंगवर थांबतो. हे सगळं सॉलिड एक्सलसाठी आहे, म्हणजे दोन्ही चाकं एकाच आडव्या एक्सलला असतात त्यासाठी, इंडिपेंडंट सस्पेन्शनवाल्यांचं दुखणं वेगळं.

१. आधी गणित, मग खरेदी

इंजिनचा टॉर्क (पिळाचा जोर) गुणिले पहिला गिअर गुणिले फायनल रेशो (एक्सलमधल्या गिअरचं प्रमाण) करून लोक घाबरतात. समजा ४०० न्यूटन-मीटर, पहिला गिअर ३, फायनल ४.१, म्हणजे ४९२० न्यूटन-मीटर. पण एवढा टॉर्क एक्सलपर्यंत टिकतो का ते टायर ठरवतं. सुटताना मागच्या चाकांवर ७०० किलो वजन, ग्रिप १.२ आणि टायरची त्रिज्या ३२ सेंटीमीटर धरली तर साधारण २६४० न्यूटन-मीटरला टायर फिरायला लागतं. तेव्हा इंजिनचे आकडे सांगत बसू नका, टायर कुठलं लावणार ते आधी ठरवा. चिकट टायर लावलं की एक्सलची परीक्षा सुरू. आणि या आकड्याचा निम्मा एका शाफ्टला असं धरू नका, डिफरन्शियल, म्हणजे दोन्ही चाकांना टॉर्क वाटणारा मधला गिअरचा संच, लॉक असेल आणि एक चाक हलकं झालं तर बराचसा भार एकाच बाजूला जातो.

शाफ्टची ताकद व्यासाच्या घनाने वाढते, २८ मिमीच्या जागी त्याच स्टीलचा ३५ मिमी घेतला तर पिळाची ताकद जवळपास दुप्पट होते. एवढं पुरे होतं बहुतेकांना. गाडी सुटताना मागची चाकं टपटप उडत असतील, म्हणजे टायर सुटतं-पकडतं सुटतं-पकडतं असं होत असेल, तर आधी सस्पेन्शन सुधारा, त्या झटक्यांपुढे कुठलाच शाफ्ट टिकत नाही.

२. हाउसिंग निवडणं

१९५७ ला आलेला फोर्डचा नऊ इंची एक्सल आजही लोक का शोधतात, तर त्याचं हाउसिंग प्रेस केलेल्या स्टीलचं आहे म्हणून नीट वेल्ड होतं, अख्खं डिफरन्शियल पुढून बाहेर निघतं आणि टेल पिनियनला, म्हणजे क्राऊन या मोठ्या गिअरला फिरवणाऱ्या छोट्या गिअरला, आतल्या टोकाला तिसरं बेअरिंग आहे. पिनियन बरंच खाली असल्यामुळे घर्षण जरा जास्त, ते सोसायचं. डाना ६० हा एक्सल अजून दणकट, क्राऊन पावणेदहा इंची, पण वजनदार, हलक्या गाडीला माझ्या मते अतिच.

कुठलाही घ्या, पण शाफ्ट आतून सी क्लिपने (सी आकाराच्या क्लिपने) धरलेला असेल तर विचार करा. तसा शाफ्ट बाहेरच्या बाजूला तुटला की चाकासकट बाहेर येतो. बाहेरच्या बेअरिंगला प्लेटने धरलेला शाफ्ट तुटला तरी चाक जागेवर राहतं. वेगात चालणाऱ्या गाडीला मी सी क्लिप ठेवत नाही, यावर वाद नको.

३. जागा नक्की करणं

एक्सल गाडीखाली ठेवा, गाडी तिच्या नेहमीच्या उंचीवर आणि वजन चाकांवर असू द्या, पिनियनचा अँगल बघा, ब्रॅकेट फक्त टॅक करा (ठिपक्याएवढ्या वेल्डने चिकटवा) आणि एक्सल काढून घ्या. गाडीखाली पडून पूर्ण वेल्ड करणाऱ्यांना माझा कोपरापासून नमस्कार.

४. वेल्डिंग, इथेच सगळी गोम आहे

वेल्ड थंड होताना आखडतो आणि नळीची ती बाजू आखूड होते, त्यामुळे नळीचं टोक वेल्डच्या बाजूला वळतं. पुढच्या बाजूला सस्पेन्शनच्या लिंकचे ब्रॅकेट ठोकलेत तर दोन्ही टोकं पुढे येतात, म्हणजे चाकांना टो-इन, चाकं पुढच्या बाजूने आत वळतात. मजबुतीसाठी वरून ट्रस (आधाराचा सांगाडा) बसवलात तर टोकं वर उचलली जातात, म्हणजे चाकं वरच्या बाजूने आत झुकतात. डोळ्याला यातलं काही दिसत नाही, शाफ्ट थोडा दाबला की बसतो सुद्धा, आणि "बसला ना, मग झालं" म्हणून लोक पुढे जातात. मलाही या टप्प्याने बराच काळ छळलंय, त्यामुळे इथे ऐकाच.

अलाइनमेंट बार लागणारच. ग्राइंड केलेला जाड सरळ बार आणि त्यावर घट्ट सरकणाऱ्या चार चकत्या, दोन डिफरन्शियलच्या बेअरिंगच्या घरात आणि दोन हाउसिंगच्या टोकांना. लेथवाल्याकडून चकत्या करून घ्या, पण बेअरिंगची घरं नीट मापून, अंदाजपंचे नाही. बेअरिंगच्या कॅपवर खूण करा, डावी डावीकडेच गेली पाहिजे, आणि चकत्या बसवल्यावर कॅप पूर्ण टॉर्कला आवळा. नुसत्या हाताने आवळलेल्या कॅपवर घेतलेलं माप खोटं असतं.

आता सगळ्यात जास्त पसरलेला चुकीचा सल्ला. बार आत ठेवून वेल्ड केलं की हाउसिंग सरळ राहतं म्हणे. नाही राहत! बार फक्त सांगतो की वाकलं, धरून ठेवत नाही. चार क्लॅम्प लावून जखडून ठेवलंत तर ताण आतच राहतो आणि क्लॅम्प सोडले की नळी जाते तिकडेच. बार हाताने फिरायला आणि सरकायला हवा, दर टाक्यानंतर (वेल्डच्या एका छोट्या तुकड्यानंतर) फिरवून बघायचा, आणि जड लागला की थांबायचं.

टाका २५ मिमीचा, त्याहून लांब नको. एक डावीकडे, एक उजवीकडे, एक परत डावीकडे दुसऱ्या ब्रॅकेटला, मधे नळीला हात लावून बसवेल इतकी थंड होऊ द्यायची, पाणी मारून नाही. दिवस जातो यात, जाऊ दे. सील आणि बेअरिंग आधीच बाहेर काढलेली असली पाहिजेत आणि अर्थिंगचा क्लॅम्प ज्या नळीवर काम चाललंय त्याच नळीला, नाहीतर करंट नको तिथून फिरतो.

क्रम हा असाच ठेवा: आधी सगळे ब्रॅकेट, ट्रस, जे काय चिकटवायचंय ते सगळं, मग सरळ करणं, आणि हाउसिंगची टोकं कापून नवी टोकं बारवर बसवणं सगळ्यात शेवटी. टोकं आधी लावून मग ब्रॅकेट लावणारे केलेल्या कामावर स्वतःच पाणी ओततात. टोकाला चार टॅक समोरासमोर, मग छोटे टाके, तेही समोरासमोर.

वाकलंच तर घाबरू नका. जिकडे वेल्ड केलाय त्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला छोटा पट्टा तापवा आणि आपोआप थंड होऊ द्या, आखडताना तो नळीला परत ओढतो. थोडं थोडं करा, दर वेळी बार फिरवून बघा. प्रेसमधे घालून ढकलायचा मोह होतो, पण त्यात मधल्या भागाची बेअरिंगची घरं बिघडू शकतात.

मधला भाग बिडाचा असेल आणि नळ्या त्यात दाबून बसवलेल्या असतील, डानासारख्या, तर नळीभोवती पूर्ण वेल्ड करायची पद्धत आहे, चांगली आहे, पण आधी तापवून, निकेलचा रॉड वापरून आणि गुंडाळून सावकाश थंड करून. साध्या वायरने मारलेला वेल्ड छान दिसतो आणि शेजारीच बीड तडकतं.

५. शाफ्ट

हाउसिंग पूर्ण झाल्यावरच मापं घ्या, आधी नाही. डिफरन्शियल आत बसवून दोन्ही बाजू वेगवेगळ्या मापा, सारख्या लांबीच्या असतील असं गृहीत धरू नका. स्प्लाइन डिफरन्शियलच्या साइड गिअरमधे पूर्ण बसली पाहिजे, पण शाफ्टचं टोक आत कशाला टेकता कामा नये. जुना शाफ्ट कापून परत स्प्लाइन पाडायचा विचार असेल तर बघा, बऱ्याच शाफ्टना मधे व्यास कमी केलेला असतो, तिथे स्प्लाइनपुरता माल नसतो. आणि शाफ्ट वेल्ड करून लांब करायचं कोणी सुचवलं तर त्याच्या गाडीत बसू नका.

६. क्राऊन-पिनियन

शिम (जागा जुळवायच्या पातळ चकत्या), प्रीलोड (बेअरिंगवर आधीच दिलेला दाब), बॅकलॅश (दातांमधली मोकळीक), दातांवर रंग लावून ठसा बघणं. चिकाटीचं काम आहे पण अवघड नाही, उत्पादकाने दिलेले आकडे पाळा. बॅकलॅश साधारण ०.१५ ते ०.२५ मिमीच्या आसपास सांगतात, तो क्राऊनवर चार जागी तपासा. हाउसिंग वाकडं असेल तर इथला सुंदर ठसा बघून खूश होण्यात अर्थ नाही.

७. ऑइल आणि पहिले किलोमीटर

जीएल ५ चं हायपॉइड ऑइल, क्लचवालं लिमिटेड स्लिप डिफरन्शियल असेल तर त्याचं फ्रिक्शन मॉडिफायर, आणि ब्रीदर (हाउसिंगमधली हवा जायची वाट) मोकळा. पहिल्यांदा पंधरा-वीस मिनिटं हळू चालवा, पूर्ण थंड होऊ द्या, असं दोन-तीनदा. लगेच टायर जाळायला गेलात तर नवे दात तिथेच जातील. साधारण ८०० किमीला ऑइल बदला, त्यात बारीक भुकटी असणार, कण असतील तर मात्र उघडा.

यू बोल्ट आणि लिंकचे नट पहिल्या १०० किमीनंतर परत टॉर्क करा. हाउसिंगला रंग मारायचाच असेल तर काळा नको, पांढरा किंवा फिकट मारा, वेल्डच्या कडेला बारीक तडा गेला की त्यावर काळपट रेघ लगेच दिसते.