कंत्राट फसतं ते जाहिरातीआधीच: आरोग्यसेवा बाहेरून घेताना या चुका टाळा

'लशींची वाहतूक ८ अंश सेल्सिअसपेक्षा कमी तापमानात करावी.' निविदेच्या मसुद्यातल्या या वाक्याखाली तीन सह्या होत्या. तिसरी माझी. बोली भरण्याआधी इच्छुकांच्या शंका ऐकायला घेतलेल्या पूर्वबोली बैठकीत मागच्या रांगेतल्या एका वाहतूकदाराने विचारलं, "साहेब, खाली किती चालेल?" आम्ही एकमेकांकडे बघत बसलो.

बहुतेक लशींची मर्यादा २ ते ८ अंश असते. आम्ही वरची लिहिली, खालची विसरलो. कंत्राटदाराने बर्फ ठासून भरला असता तर अट तंतोतंत पाळली गेली असती आणि लस गोठली असती. हिपॅटायटिस बी किंवा त्रिगुणी लशीत अ‍ॅल्युमिनियमचे क्षार असतात. ती एकदा गोठली की कामातून जाते, वितळवून परत पहिल्यासारखी होत नाही. कुपी हलवून ठेवली की गोठलेल्या लशीचा साका भराभर तळाशी बसतो, पण ही तपासणी करायला कोणाला तरी संशय यावा लागतो. आम्ही शुद्धिपत्रक काढलं, मुदत वाढवली, निभावलं.

तेव्हापासून एक गोष्ट मनात पक्की झाली आहे. आरोग्य खात्याचं कंत्राट बिघडलं की सगळे कंत्राटदाराकडे बोट दाखवतात, पण बिघाड बहुतेक वेळा त्याच्या आधीचा असतो. सेवा जिथे घडते तिथे न जाता, टेबलावर बसून कार्यकक्षा (कंत्राटदाराने नेमकं काय करायचं त्याचं वर्णन) लिहिली जाते, तिथला.

चूक: सेवा न बघता कार्यकक्षा लिहिणं

जुन्या निविदेची फाइल उघडायची, तारखा बदलायच्या, दोन कलमं वाढवायची. घाईत हे होतं, मीही केलं आहे. पण जुन्या कागदात जुन्या कंत्राटदाराच्या सवयीही मुरलेल्या असतात आणि जे काम कर्मचारी कागदावर नसतानाही करत होते ते कुठेच नसतं. नोंदणी खिडकीवरची बाई रोज दहा फोन करून लोकांना तपासणीची आठवण करून देत असते. ते तिच्या कामाच्या यादीत नसतं. सेवा बाहेर दिली की ते फोन बंद होतात आणि सहा महिन्यांनी उपस्थिती का घसरली याची बैठक बसते.

इंग्लंडमध्ये हे मोठ्या प्रमाणावर घडलं. २०१५ मध्ये तिथली सरकारी आरोग्यसेवा (एनएचएस) चालवणाऱ्या एनएचएस इंग्लंडने डॉक्टरांच्या दवाखान्यांना लागणाऱ्या प्रशासकीय सेवा कॅपिटा कंपनीला सात वर्षांसाठी दिल्या. नोंदींची ने-आण, साहित्यपुरवठा, तपासणीची पत्रं असं सगळं त्यात होतं. खर्च ३५ टक्क्यांनी कमी करायचं उद्दिष्ट होतं. ही कामं ठिकठिकाणी किती वेगवेगळ्या पद्धतीने चालतात हे देणाऱ्यालाही नीट ठाऊक नव्हतं आणि घेणाऱ्यालाही, हे २०१८ च्या लेखापरीक्षणात उघड झालं. त्याच वर्षी गर्भाशयमुखाच्या कर्करोग तपासणीची ४० हजारांहून अधिक पत्रं महिलांपर्यंत पोचलीच नसल्याचं कळलं.

उपाय कंटाळवाणा आहे. मसुदा लिहिण्याआधी दोन दिवस त्या खिडकीमागे उभं राहा. कोण कोणाला फोन करतं, कुठली वही दोनदा लिहिली जाते, गर्दी कोणत्या वारी असते, हे टिपा. मग बाजारातल्या लोकांना नुसती माहिती विचारणारं पत्रक काढा: हे काम तुम्ही कसं कराल, काय अडेल? ही निविदा नाही, कोणी बांधला जात नाही. मात्र विचारलेलं आणि मिळालेलं सगळं पुढे सर्व बोलीदारांना सारखं दिसलं पाहिजे. आणि ज्याच्याकडून कार्यकक्षा लिहून घेतली, त्याला बोली लावू देऊ नका.

लक्षण: एकच बोली आली

लगेच मुदतवाढ देऊ नका. ज्यांनी कागद घेतले पण बोली भरली नाही, त्यांना विचारा. उत्तरं साधारण ठरलेली असतात. उलाढालीची अट कामाच्या कितीतरी पट होती. 'अशाच आकाराचं काम आधी केलेलं असावं' म्हटल्यामुळे जुना कंत्राटदार सोडून कोणी पात्रच नव्हता. रुग्णवाहिका, कपडे धुणं आणि प्रयोगशाळा एकाच पाकिटात बांधली होती. किंवा सगळ्यांत साधं कारण: बिलं महिनोन् महिने अडकतात, हे बाजाराला माहीत होतं. छोटी संस्था कितीही चांगली असली तरी तीन महिने पदरचे पगार देऊ शकत नाही. पैसे वेळेवर दिल्याने जेवढी स्पर्धा वाढते तेवढी कुठल्याही जाहिरातीने वाढत नाही, हे माझं मत लेखा विभागाला फारसं आवडत नाही.

लक्षण: बोलींमध्ये जमीन-अस्मानाचं अंतर

एकाची किंमत दुसऱ्याच्या दुप्पट आली तर बहुधा दोघांनी वेगवेगळी कामं वाचली आहेत. दोष कार्यकक्षेत शोधा.

आणि एकच बोली बाकीच्यांपेक्षा फार खाली असेल तर खूश होण्याआधी हिशेब मागा. चोवीस तास एक माणूस हजर हवा, म्हणजे आठवड्याला १६८ तास. प्रत्येकाचे ४८ तास धरले तर साडेतीन माणसं होतात. सुट्ट्या, आजारपण धरून चारहून जास्त. बोलीत तीनच दाखवली असतील तर रात्रीच्या कुठल्या तरी पाळीत खुर्ची रिकामी राहणार आहे, किंवा कोणीतरी सलग सोळा तास बसणार आहे. हे आज विचारायचं की अपघात झाल्यावर, एवढाच प्रश्न.

चूक: गुणांचं वजन डोळे मिटून ठरवणं

समजा अ ला तांत्रिक गुण ७२ आणि त्याची किंमत सर्वांत कमी, म्हणून किमतीचे गुण १००. ब ला तांत्रिक गुण ९०, पण किंमत २५ टक्के जास्त, म्हणून किमतीचे गुण ८०. तांत्रिक गुण आणि किंमत यांचं वजन ५०:५० असेल तर अ ला ८६ आणि ब ला ८५. अ जिंकतो. वजन ८०:२० केलं की अ ७७.६ वर येतो आणि ब ८८ वर जातो.

कागदं तीच, माणसं तीच, निकाल उलटा. जागतिक बँकेच्या सल्लागार निवडीत ८०:२० सर्रास वापरतात. फिनाइलच्या खरेदीला ते कशाला? पण मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला ५०:५० लावलं तर स्वस्त आवाज विकत मिळतो. वजन जाहिरातीआधी ठरवा, काल्पनिक बोली भरून ताडून पाहा आणि पाकिटं उघडल्यावर त्याला हात लावू नका.

लक्षण: अहवालात सगळं हिरवं, दारात तक्रारी

हा मला सर्वांत जास्त भेटलेला बिघाड. अट असते, 'नमुन्याचा अहवाल २४ तासांत द्यावा.' दर महिन्याला ९८ टक्के. तरीही रुग्ण म्हणतात, आठवडा लागतो. दोघंही खरं बोलतात, कारण घड्याळ प्रयोगशाळेत नमुना पोचल्यावर सुरू होतं आणि गाडी केंद्रावर आठवड्यातून दोनदाच येते. शुक्रवारी घेतलेलं रक्त मंगळवारपर्यंत फ्रिजमध्ये पडून असतं आणि ते कोणाच्याच खात्यात मोजलं जात नाही.

घड्याळ कधी सुरू होतं आणि कधी थांबतं, हे प्रत्येक निकषापुढे लिहा: सुईपासून रुग्णाच्या हातात कागद पडेपर्यंत. निकष पाच-सहाच ठेवा. चाळीस ठेवले तर ते वाचायला तुमच्याकडे माणूस नसतो. दंडही बेताचा असावा. तो अवाच्या सवा असेल तर शहाणा बोलीदार तो आधीच किमतीत धरतो, म्हणजे तुमचा दंड तुम्हीच भरता.

आकडे कंत्राटदाराकडूनच घ्यायचे आणि त्यावरच पैसे द्यायचे, हे तर नकोच. १९९९ पासून कंबोडियात काही जिल्ह्यांची आरोग्यसेवा बिगरसरकारी संस्थांना कंत्राटाने दिली, काही जिल्हे तुलनेसाठी सरकारकडेच ठेवले आणि आधी व नंतर घरोघरी पाहणी केली. म्हणून तिथे 'सुधारलं का?' याला उत्तर देता आलं. सुरुवातीची मोजणी नसेल तर तीन वर्षांनी दोन्ही बाजू आपापल्या आठवणींवर भांडतात.

माहितीचा सांधा

२०२० च्या शरद ऋतूत इंग्लंडमध्ये कोविडचे १५,८४१ बाधित रुग्ण वेळेवर यादीत आलेच नाहीत. प्रयोगशाळांकडून आलेली माहिती एक्सेलच्या जुन्या फाइल-प्रकारात ओतली जात होती. त्यात ६५,५३६ च्या पुढे ओळ जात नाही. फाइल भरली आणि उरलेली माणसं गळली. त्यांच्या संपर्कातल्यांचा शोधही लांबला. कंत्राटात 'माहिती इलेक्ट्रॉनिक स्वरूपात द्यावी' एवढंच लिहिणाऱ्यांनी हा आकडा भिंतीवर चिकटवावा. फाइलचा प्रकार, रकाने, पाठवलेल्या आणि मिळालेल्या ओळींची रोजची जुळणी, आणि माहितीची मालकी कोणाची, हे चारही लिहा.

सही आधी, हिशेब नंतर

केंब्रिजशर आणि पीटरबरोमध्ये वृद्धांच्या सेवेचं पाच वर्षांचं, ७० कोटी पौंडांहून मोठं कंत्राट युनायटिंगकेअर या भागीदारीला दिलं होतं. एप्रिल २०१५ मध्ये काम सुरू झालं, डिसेंबरमध्ये बंद पडलं. खर्चाची माहिती अपुरी होती, किमतीचे वाद मिटलेले नव्हते आणि भागीदारीला व्हॅट परत मिळणार नाही ही बाब हिशेबात नीट धरलीच नव्हती. भागीदारीत दोन्ही संस्था एनएचएसच्याच होत्या, म्हणजे 'खासगीवाल्यांनी फसवलं' हेही म्हणायची सोय नाही.

सुरुवातीची तारीख आधी जाहीर झाली की तिच्यासाठी उघडे प्रश्न गालिच्याखाली सरकवले जातात. माझ्या मसुद्यांत आता शेवटच्या पानावर एक तक्ता असतो: न सुटलेले प्रश्न, प्रत्येकापुढे नाव आणि तारीख. तो रिकामा झाल्याशिवाय सहीचं पान छापत नाही. त्याच तक्त्यात कायम एक ओळ असते, 'उद्या हे काम थांबलं तर पहिले ३० दिवस सेवा कोण देणार?' गाड्या, चाव्या, पासवर्ड, रुग्णांच्या याद्या कोणाच्या ताब्यात येतील, हे तिथे नावानिशी लिहावं लागतं. मागच्या वेळी ती ओळ भरायला अकरा दिवस लागले, आणि वरिष्ठांकडून रोज एक फोन येत होता.