सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सवर खेळायला निघण्यापूर्वी या चुका टाळा

स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सवर एकदा तरी खेळावे, ही इच्छा गोल्फ खेळणाऱ्या बहुतेकांच्या मनात कधी ना कधी येतेच. २०२२ साली दीडशेवी ओपन चॅम्पियनशिप ही गोल्फमधील मानाची स्पर्धा याच मैदानावर झाली आणि या मैदानाने भरवलेली ती तिसावी ओपन होती. एवढी परंपरा असलेले मैदान म्हणजे उंच कुंपणाआडचा श्रीमंतांचा क्लब असणार, असे गृहीत धरून लोक सहल आखतात. पुढच्या जवळजवळ सगळ्या चुका या एकाच गैरसमजातून होतात.

ओल्ड कोर्स ही सार्वजनिक जागा आहे. १५५२ सालच्या सनदेत आर्चबिशप जॉन हॅमिल्टन यांनी या जागेवर गोल्फ खेळण्याचा गावकऱ्यांचा हक्क मान्य केला होता, आणि १९७४ पासून सेंट अँड्र्यूज लिंक्स ट्रस्ट ही संस्था इथल्या मैदानांची व्यवस्था पाहते. पहिल्या टीच्या, म्हणजे सुरुवातीचा फटका मारण्याच्या जागेच्या, मागे दिसणारी प्रसिद्ध दगडी इमारत रॉयल अँड एन्शंट क्लबच्या सभासदांसाठी आहे. पाहुण्यांनी तिच्या दाराशी चौकशी करत उभे राहू नये, त्यांच्यासाठी लिंक्स क्लबहाउस वेगळे आहे. मैदान सर्वांचे असल्यामुळे परगावच्या, अनोळखी खेळाडूलाही तिथे खेळता येते. मात्र मागणी इतकी प्रचंड आहे की हवा तो दिवस आणि हवी ती वेळ सहजासहजी मिळत नाही.

आधी विमानाचे तिकीट, मग टी टाइमचा विचार

सर्वांत महागात पडणारी चूक हीच आहे. सुट्टी मंजूर होते, विमानाची तिकिटे काढली जातात, हॉटेल ठरते आणि मग कुणीतरी टी टाइमची, म्हणजे खेळ सुरू करण्याच्या ठरलेल्या वेळेची, चौकशी करायला बसते. तोवर आगाऊ आरक्षणाची संधी बहुधा निघून गेलेली असते, कारण पुढच्या वर्षीच्या आगाऊ वेळांसाठीचे अर्ज आदल्या वर्षीचा उन्हाळा सरता सरता घेतले जातात. ट्रस्टने अधिकृत केलेल्या सहल कंपन्यांकडे हमखास वेळ मिळते, पण ती निवास आणि इतर मैदानांसह एकत्रच विकली जात असल्याने खर्च बराच वाढतो. त्या मार्गाने जायचे असेल तर कंपनीचे नाव ट्रस्टच्या अधिकृत यादीत असल्याची खात्री पैसे भरण्यापूर्वी करून घ्यावी.

बाकीच्यांसाठी सोडत आहे. ज्या दिवशी खेळायचे त्याच्या दोन दिवस आधी, ब्रिटनच्या वेळेनुसार दुपारी दोनच्या आत, किमान दोन आणि जास्तीत जास्त चार खेळाडूंच्या गटाने नाव नोंदवायचे असते आणि त्याच दिवशी निकाल कळतो. ही पद्धत सोपी आणि न्याय्य आहे. अडचण येते ती दिवसांच्या हिशेबात. दोनच दिवस मुक्काम ठेवणारा गट जास्तीत जास्त दोन सोडतींत भाग घेऊ शकतो, आणि त्यांतला एक दिवस रविवार निघाला तर एकाच. माझ्या मते पाच रात्रींपेक्षा कमी मुक्काम ठेवून सोडतीवर विसंबणे म्हणजे सहल नशिबावर सोपवणे आहे. तेवढी सवड नसेल तर वर्षभर थांबून आगाऊ अर्ज करणे अधिक शहाणपणाचे ठरेल.

तारखा ठरवताना मैदानाचे वार्षिक वेळापत्रक आधी पाहावे. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीच्या सुमारास होणारी अल्फ्रेड डनहिल लिंक्स स्पर्धा ओल्ड कोर्ससह कार्नूस्टी आणि किंग्जबार्न्स या मैदानांवर खेळली जाते, तेव्हा पाहुण्यांना तिथे जागा नसते. २०२७ च्या जुलैमध्ये ओपन पुन्हा सेंट अँड्र्यूजला येणार आहे, त्यामुळे त्या उन्हाळ्यात जाणाऱ्यांनी अधिकच सावध राहावे. उन्हाळ्यातील ग्रीन फी (खेळण्याचे शुल्क) तीनशे पौंडांच्या वर असल्याने अनेकांना हिवाळ्यातील सवलतीचा मोह होतो. त्यात गैर काही नाही, मात्र नोव्हेंबर ते मार्च या काळात गवत जपण्यासाठी फेअरवेवरचा, म्हणजे खेळण्याच्या मुख्य हिरव्या पट्ट्यावरचा, चेंडू छोट्या चटईवर ठेवून मारावा लागतो, हे मनाशी धरूनच निघावे.

रविवार वाया गेला असे मानणे

रविवारी ओल्ड कोर्सवर गोल्फ नसतो. मोठ्या स्पर्धांचे मोजके अपवाद सोडले तर त्या दिवशी हे मैदान म्हणजे गावाची बाग होते. मुले पहिल्या आणि अठराव्या होलच्या (टीपासून चेंडू टाकायच्या भोकापर्यंतच्या टप्प्याच्या) सामाईक फेअरवेवर धावतात, कुत्री मोकळी सुटतात आणि आजीआजोबा स्विल्कन ओढ्यावरच्या दगडी पुलावर निवांत उभे असतात. हे ठाऊक नसलेले खेळाडू रविवारी गावात पोहोचतात आणि हिरमुसतात. खरे तर सोमवारी खेळायचे असेल तर शनिवारी दुपारी दोनच्या आत नाव नोंदवून रविवारी सगळे मैदान पायी हिंडून पाहावे. टीवरून न दिसणारे बंकर (वाळूचे खड्डे) कुठे दडले आहेत, अठराव्या ग्रीनपुढचा (भोकाभोवतीच्या अगदी आखूड गवताच्या जागेपुढचा) ‘व्हॅली ऑफ सिन’ हा खळगा प्रत्यक्षात किती खोल आहे, हे पायाखाली घातल्याशिवाय कळत नाही. मैदानाशी इतकी निवांत ओळख करून घेण्याची मुभा दुसऱ्या कोणत्या नामांकित मैदानावर मिळेल, असे मला वाटत नाही.

सोडतीत नाव आले नाही तर

पहिल्या दिवशी नाव आले नाही म्हणून अनेक गट धीर सोडतात आणि दुसऱ्या दिवशीची नोंदणी करायलाच विसरतात. वास्तविक रोज नवी सोडत असते आणि आदल्या दिवशीच्या निकालाचा तिच्याशी संबंध नसतो. त्याखेरीज एकट्या खेळाडूंसाठी स्वतंत्र मार्ग आहे. पूर्वी यासाठी लोक ओल्ड पॅव्हिलियनबाहेर रात्रभर रांग लावून बसत. २०२४ पासून त्याऐवजी आदल्या दिवशी गावात स्वतः हजर राहून नाव नोंदवावे लागते आणि संध्याकाळी सोडत निघते. नाव निघालेल्या खेळाडूला दोघांच्या किंवा तिघांच्या गटातील रिकामी जागा दिली जाते. चौघांचा गट मोडून वेगवेगळे नाव नोंदवायला काही जण नाखूश असतात. एकत्र खेळण्याचा आनंद मलाही कळतो, पण मुक्काम संपत आला असेल तर हट्ट सोडावा.

तरीही नाव आले नाही, तर ओल्ड कोर्सला खेटूनच १८९५ सालचे न्यू कोर्स आणि १८९७ सालचे ज्युबिली कोर्स आहे. दोन्ही अस्सल लिंक्स, म्हणजे समुद्रकाठच्या वाळूच्या जमिनीवरची, मैदाने आहेत. यांपैकी एखाद्याची वेळ मुळातच आरक्षित करून ठेवली, तर हात हलवत परतण्याची वेळ येत नाही.

कागद, पाय आणि रोकड

हँडिकॅपचा (खेळाडूची पातळी दाखवणाऱ्या आकड्याचा; तो जितका कमी तितका खेळाडू सरस) अधिकृत पुरावा नसेल तर खेळू दिले जात नाही. कमाल मर्यादा पुरुष आणि महिला दोघांसाठीही ३६ आहे. प्रमाणपत्र चालू तारखेचे असावे आणि त्याची प्रत मोबाइलमध्येही ठेवावी.

मैदान पायीच पार करावे लागते. वैद्यकीय कारणाशिवाय बग्गी (मैदानावर फिरायची छोटी गाडी) मिळत नाही. वर्षानुवर्षे बग्गीत बसून खेळलेल्यांनी निघण्यापूर्वी दोन महिने तरी रोज चालण्याचा सराव करावा, आणि नवे बूट घालून थेट पहिल्या टीवर उभे राहू नये. कॅडीची, म्हणजे पिशवी उचलून खेळाबाबत सल्ला देणाऱ्या साथीदाराची, मागणी आधीच नोंदवावी. कॅडीचे मानधन त्याच्या हातात रोख द्यायचे असते, तेव्हा पौंडांच्या नोटा जवळ असाव्यात. खर्च वाचवण्यासाठी कॅडी टाळणे ही मला मोठी चूक वाटते, आणि तिचे कारण मैदानाच्या घडणीतच आहे.

घरच्या मैदानासारखा खेळ

ओल्ड कोर्सवर अठरा होल असले तरी ग्रीन अठरा नाहीत. पहिले, नववे, सतरावे आणि अठरावे होल सोडले तर बाकीची होल जोडीने एकेक ग्रीन वापरतात, आणि प्रत्येक जोडीची बेरीज अठरा होते: दुसरे आणि सोळावे, तिसरे आणि पंधरावे, याप्रमाणे. पाचव्या आणि तेराव्या होलचे सामाईक ग्रीन तर एक एकराच्या जवळपास पसरलेले आहे. नवखा खेळाडू दुरून निशाण पाहतो, त्यावर नेम धरतो, आणि चेंडू ग्रीनवर पोहोचूनही आपल्या होलपासून पन्नास-साठ पावले दूर पडतो. जातानाच्या (पहिल्या नऊ) होलवर पांढरी निशाणे आणि परतीच्या (शेवटच्या नऊ) होलवर लाल, एवढी खूण लक्षात ठेवली तरी हा घोळ टळतो. अठराव्याचे निशाण तेवढे पांढरे असते.

दुसरी चूक म्हणजे प्रत्येक फटका उंच मारणे. इथली जमीन वाळूची आणि टणक आहे, तिच्यावर चेंडू लांबवर घरंगळतो आणि वारा उंच चेंडूला कुठल्या कुठे नेतो. ग्रीनच्या बाहेर वीस-तीस पावलांवरूनही पटर (ग्रीनवर चेंडू घरंगळवण्याची काठी) वापरण्यात कमीपणा नाही. जातानाच्या होलवर उजवीकडे काटेरी गॉर्सची झुडपे असल्याने चुकायचे तर डावीकडे चुकावे. मैदानावर एकशे बारा बंकर आहेत, त्यांतले कित्येक लहान, खोल आणि उभ्या भिंतीचे आहेत. त्यांत अडकल्यावर निशाणाकडे मारण्याचा अट्टहास न करता चेंडू आडवा किंवा मागे काढावा. १९२१ च्या ओपनमध्ये अकराव्या होलवरच्या हिल बंकरमध्ये अडकलेल्या एकोणीस वर्षांच्या बॉबी जोन्सने स्पर्धाच सोडून दिली होती; १९२७ मध्ये याच मैदानावर तो ओपन जिंकला.

सतराव्या टीवर उभे राहिले की समोर फेअरवे नव्हे, मैदानाला लागून असलेल्या ओल्ड कोर्स हॉटेलच्या आवारातील हिरव्या शेडची भिंत दिसते आणि तिच्यावर हॉटेलचे नाव मोठ्या अक्षरांत लिहिलेले असते. त्या नावातील कोणत्या अक्षरावरून चेंडू न्यायचा, हे कॅडी त्या दिवशीचा वारा आणि तुमचा फटका पाहून सांगतो. पुढे ग्रीनच्या डाव्या कुशीत रोड बंकर आणि मागे रस्ता. हा रस्ता मैदानाचाच भाग मानला जातो, त्यामुळे चेंडू त्यावर थांबला तर विनादंड उचलता येत नाही, पडल्या जागेवरूनच मारावा लागतो. दुसरा फटका थोडा आखूड ठेवणे, हाच माझा आग्रहाचा सल्ला आहे.

मुक्काम आणि परतीचा दिवस

जूनच्या अखेरीस आणि जुलैच्या प्रारंभी विद्यापीठाचे पदवीदान समारंभ असतात, तेव्हा या लहान गावात खोली मिळणे कठीण होते. गावात रेल्वे स्थानक नाही. एडिनबरोहून आलेली गाडी ल्यूकर्सला सोडून पुढे बस किंवा टॅक्सी घ्यावी लागते. समुद्रावरून येणारे ‘हार’ नावाचे धुके भर उन्हाळ्यातही उतरते, म्हणून पावसाळी जाकीट आणि लोकरी थर प्रत्येक फेरीला पिशवीत असावेत. गोल्फचे बूट, हातमोजे आणि एक जोडी कपडे विमानात स्वतःजवळ ठेवावेत. सामान मागे राहिले तरी खेळायच्या काठ्या (क्लब) भाड्याने मिळतात, सवयीचे बूट मात्र मिळत नाहीत.

आणि परतीचे विमान शेवटच्या संध्याकाळचे घेऊ नये. जूनमध्ये तिथे रात्री दहापर्यंत उजेड असतो, सोडतीत दुपारी उशिराची वेळही मिळू शकते, आणि फेरीला चार तास सहज लागतात. एडिनबरोचा विमानतळ सुमारे ऐंशी किलोमीटरवर आहे. शेवटच्या दिवशी नाव निघाले आणि विमान चुकेल म्हणून ती वेळ सोडून द्यावी लागली, अशी पाळी कुणावर येऊ नये; त्यासाठी एक रात्र जास्तीची राखून ठेवावी.